विद्यार्थिनी एक, सोबतीला चौघे

आमच्या विद्यापीठात प्रवास विभाग नावाचा विभाग नव्हता, एक टेबल होतं. ते दोन कपाटांच्या मध्ये असल्यामुळे तिथे जायला आडवं व्हावं लागे, आणि तिथे मी बसत असे. नव्वदचं दशक सरत आलं होतं. माझ्याकडे रेल्वेचं जाडजूड वेळापत्रक, चार रबरी शिक्के, दौऱ्याच्या परवानगीचे छापील अर्ज आणि सहनशक्ती एवढा सरंजाम होता. प्राध्यापकांना, अधिकाऱ्यांना किंवा विद्यार्थ्यांना विद्यापीठाच्या कामासाठी कुठे जायचं असलं की कागद माझ्याकडून निघे, पाच सह्या गोळा करत इमारतभर फिरे आणि परत माझ्याकडे येई. कुणी नागपूरला जाऊन येईपर्यंत त्याचा कागद जेमतेम दुसऱ्या मजल्यावर पोचलेला असे.

तिकिटं काढायला मीच जायची. गंगापूर रोडवरून बस, द्वारका चौकात उतरून दुसरी बस, मग नाशिकरोड स्टेशनच्या आरक्षणाच्या खिडकीपुढची रांग. खालचाच बर्थ हवा, पंख्याखालचा नको, संडासाजवळचा तर मुळीच नको, गाडी सकाळच्या चहाआधी सुटणारी नको. विद्वान माणसांना प्रवासात काय काय त्रास होतात याचं माझ्याएवढं ज्ञान विद्यापीठात कुणाला नसेल. गंमत म्हणजे एवढ्या लोकांना देशभर पाठवणारी मी स्वतः भुसावळच्या पुढे कधी गेले नव्हते. भुसावळलाही नणंदेच्या डोहाळजेवणाला गेले होते.

अशात एक दिवस दिल्लीहून पत्र आलं. देशभरातल्या विद्यार्थ्यांचं विज्ञान संमेलन भरणार होतं आणि त्यात आमच्या वनस्पतिशास्त्र विभागातल्या एका मुलीचा प्रकल्प निवडला गेला होता. विभागप्रमुखांना हा प्रकल्प अस्तित्वात असल्याचं त्या पत्रामुळेच कळलं. अर्जावर त्यांची सही होती, पण ती त्यांनी इतर चाळीस कागदांबरोबर केलेली होती.

मुलगी दुपारी माझ्या टेबलापाशी आली. बारीक, सावळी, घट्ट वेणी. घोटीच्या पलीकडच्या डोंगरातल्या एका पाड्यावरची. घरी थोडी भातशेती. भात निघाला की आईबाप निफाडकडे द्राक्षबागेत मजुरीला जायचे. ही इथे वसतिगृहात राहून एमएस्सी करत होती.

"मॅडम, दिल्लीचा फारम तुमच्याकडं मिळतो ना?"

"मिळतो. प्रकल्प कशावर आहे गं?"

"बियाण्याच्या भातावर. आमच्यात कणगीत निरगुडीचा पाला घालून ठेवतात, त्याला कीड नाय लागत. ते खरंच हाय का ते मोजलं मी. एका कणगीत पाला, एकीत राख, एकीत काहीच नाय."

"मग खरं निघालं का?"

"हो. आई म्हणली, ते तर मी तुला अगोदरच सांगितलं व्हतं."

मी तिला अर्ज दिला आणि तिन्ही प्रती भरायला सांगितल्या. प्रकल्पाच्या अहवालाच्याही तीन प्रती लागतील म्हटलं. तिने कारण विचारलं नाही. हुशार होती.

दुसऱ्या दिवसापासून विद्यापीठाला मुलींच्या सुरक्षिततेची अतोनात काळजी वाटू लागली. पहिले आले विभागप्रमुख. "मुलगी एकटी दिल्लीला जाणार? शक्यच नाही. मार्गदर्शक म्हणून मला जावं लागेल." डिसेंबरात दिल्लीची हवा फार छान असते हेही त्यांनी जाता जाता सांगितलं. त्यांच्या मागोमाग विद्यार्थी कल्याण अधिकारी. विद्यार्थी दिल्लीला आणि कल्याण नाशिकला, हे त्यांच्या पदाला शोभणारं नव्हतं. शेवटी आमचे उपकुलसचिव, म्हणजे ज्यांच्या हाताखाली मी होते ते साहेब, म्हणाले, "राष्ट्रीय पातळीवरचा कार्यक्रम आहे. प्रशासनाचा प्रतिनिधी नको?" तिघांचे अर्ज सकाळी आले आणि संध्याकाळी पाचही सह्यांनिशी मंजूर झाले. कागद इतक्या वेगाने फिरू शकतो हे मला तोवर माहीत नव्हतं.

मुलीचा अर्ज मात्र अडला. आधी विभागप्रमुखांच्या सहीसाठी, कारण ते आठवडाभर औरंगाबादला दौऱ्यावर होते. मग पालकांच्या संमतीसाठी. संमतीपत्रावर आईचा अंगठा होता. साहेबांनी त्यावर लाल शेरा मारला : अंगठा कोणाचा याची खात्री व्हावी.

"सर, बाप मजुरीला गेलाय, म्हणून आईने दिलाय," मी म्हटलं.

"तसं नाही मॅडम. उद्या काही झालं तर? आईला समक्ष बोलवा."

आई समक्ष आली. डोंगरातून घोटीपर्यंत पायी, घोटीहून काळीपिवळी जीपने द्वारकेला, आणि तिथून रस्ता विचारत विचारत विद्यापीठापर्यंत पुन्हा पायी. शहर बस कुठली घ्यायची ते तिला वाचता येत नव्हतं. नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, डोक्यावर पदर. मी तिला साहेबांच्या केबिनमध्ये नेलं.

साहेबांनी कागद पुढे करून विचारलं, "हा अंगठा तुमचाच का?"

बाईने कागदाकडे पाहिलं, मग स्वतःच्या अंगठ्याकडे, मग साहेबांकडे. "माझाच हाय की साहेब. दुसऱ्याचा कुठून आणू?"

साहेबांनी मान खाली घालून सही केली. बाहेर आल्यावर बाईने मला विचारलं, "बाई, लेकीसंगं जानारं कोन हाय?"

"तीन साहेब आहेत."

"बाईमानूस?"

हा प्रश्न पाच सह्यांमध्ये कुणालाच सुचला नव्हता. मी परत आत गेले आणि साहेबांना विचारलं. एका साहेबाच्या जागी एखाद्या प्राध्यापिकेला पाठवावं असा विचार त्यांच्या डोक्यात येऊन गेला असावा, कारण त्यांचा चेहरा उतरला. मग तो एकदम उजळला. "मॅडम, तुम्हीच चला ना! तिकिटं, कागदपत्रं, सगळं तुमच्याचकडे राहील."

अशा रीतीने एका विद्यार्थिनीच्या सोबतीला आम्ही चौघे झालो. घरी सांगितलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "ऑफिसात माणसं संपली का?" पण दशम्या त्यांनीच करून दिल्या, आणि जाताना माझ्या पर्समध्ये देवाचा अंगारा टाकला.

तिकिटं काढायला गेले. साहेबांची तिकिटं वातानुकूलित डब्याची. त्यांचे अर्ज वेळेत मंजूर झाल्यामुळे ती आधीच काढून झाली होती, तिन्ही बर्थ खालचे. मुलगी आणि मी स्लीपरला पात्र. आमचा कागद येईपर्यंत स्लीपर भरून गेला होता. म्हणजे जिच्यासाठी सगळे निघाले होते ती एकटी वेटिंगवर होती, आणि तिची सोबत म्हणून मी. निघायच्या दिवशी आम्हाला दोघींत मिळून बाजूचं एक आसन मिळालं. त्यावर बसता येत होतं, पाय लांब करायचे तर एकीने दुसरीची परवानगी घ्यायची.

नाशिकरोडच्या फलाटावर विभागप्रमुखांनी मुलीच्या हातातली पुठ्ठ्याची लांब नळी पाहिली. त्यात तिने वसतिगृहात बसून रंगवलेले पाच तक्ते होते. "अगं, तुमच्या डब्यात चुरगळतील. दे माझ्याकडे, एसीत सुरक्षित राहतील," असं म्हणून त्यांनी नळी घेतली. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मी आजही मानते. त्यांच्या मनात बऱ्याचदा काहीच नसे.

मनमाड गेलं, भुसावळ गेलं. भुसावळच्या पुढे गाडी निघाली तशी मी खिडकीला नाक लावून बसले. बाहेर केळीच्या बागा होत्या, नंतर काळी जमीन, नंतर नुसता अंधार, पण मला तो अंधारसुद्धा परमुलखातला वाटत होता. मुलीने विचारलं, "मॅडम, तुमी किती वेळा दिल्लीला गेल्या?"

"पाठवलंय पुष्कळांना," मी म्हटलं.

ती हसली, आणि आपल्या बाजूची जागा मला थोडी जास्त दिली.

दिल्लीत संमेलनाच्या नोंदणीच्या टेबलावर एक चष्मेवाल्या बाई होत्या. त्यांनी आमचा पाच जणांचा घोळका पाहून इंग्रजीत विचारलं, यातले विद्यार्थी कोण? मुलगी पुढे झाली. मग विचारलं, तुझ्याबरोबर कोण? व्यवस्था विद्यार्थिनी आणि सोबतची एक व्यक्ती एवढीच होती. तिन्ही साहेब एकदम अर्धं पाऊल पुढे सरले. मुलीने माझ्याकडे बोट दाखवलं. "ये मॅडम."

साहेबांना आपला मुक्काम शहरात दुसरीकडे, एका अतिथिगृहात हलवावा लागला. उद्घाटनाला मात्र तिघे पहिल्या रांगेत होते. फोटो निघेपर्यंत थांबले, आणि मग दिल्ली पाहायला गेले. जाताना विभागप्रमुख मुलीला म्हणाले, "घाबरू नको. उद्या आम्ही आहोतच."

उद्या ते नव्हते. सादरीकरण सकाळी अकराला होतं. साडेआठपर्यंत नळी आली नाही, तेव्हा मी अतिथिगृहाला फोन लावला. तिथला चौकीदार म्हणाला, "साहब लोग तो सुबह ही आगरा निकल गए. टैक्सी करके."

"कमरा खोल सकते हैं क्या? हमारी एक नळी है अंदर."

"चाबी साहब ले गए, मैडम."

मी फोन ठेवला आणि मला खरोखर रडू आलं. इतकी वर्षं लोकांच्या चुका निस्तरत आले होते, पण त्या कागदावरच्या असत. ही चूक माझ्या समोर वेणी घालत बसली होती. मी तिला कसंबसं सांगितलं. तिने वेणीला गाठ मारली. मग म्हणाली, "आकडे हायत का तुमच्याकडं?"

आकडे होते. तीन प्रतींपैकी एक कार्यालयाची प्रत म्हणून माझ्या पिशवीत होती. ज्या नियमाला मी दहा वर्षं शिव्या दिल्या त्याला त्या दिवशी मनातल्या मनात नमस्कार केला. फाटकाबाहेरच्या दुकानातून मोठे कागद, पट्टी आणि स्केचपेन आणली. चष्मेवाल्या बाईंना जाऊन सगळं सांगितलं. साहेब आग्र्याला गेले हेही सांगितलं, लपवायचं कशाला. त्यांनी कपाळावर हात मारला आणि मुलीचा क्रमांक शेवटी, जेवणानंतर टाकला.

आम्ही दोघी जिन्याखालच्या फरशीवर बसलो. ती म्हणाली, "मॅडम, तुमचं अक्षर चांगलं हाय. तुमी नावं लिहा. रेषा मी मारते." मग मी ओणवी होऊन कणगी, राख, निरगुडी असं मोठ्या अक्षरांत लिहीत गेले, तीच नावं खाली हिंदीत लिहिली, आणि ती पट्टीने उभे खांब काढून रंगवत गेली. हिरवा रंग पाल्याला, करडा राखेला. पाचऐवजी तीनच तक्ते झाले. जेवण राहिलं. सासूबाईंच्या दशम्या उरल्या होत्या, त्या तिथेच खाल्ल्या.

तिचं हिंदी माझ्याहून बरं नव्हतं. पण परीक्षकांपुढे उभी राहिली आणि जे केलं ते सांगितलं. कणगी शेणाने कशी सारवतात, पाला किती सुकवायचा, कीड कधी मोजली. तिने पदराला गाठ मारावी तशी ओढणीच्या टोकाला बियाण्याची मूठ बांधून आणली होती. ती सोडून टेबलावर ठेवली. एका परीक्षकाने विचारलं, मार्गदर्शक कोण?

मी मागच्या रांगेत बसले होते. आमच्या तिन्ही साहेबांच्या नावांचा तक्ता मी दौऱ्याच्या मंजुरीत तीनदा टाइप केला होता, तो डोळ्यांपुढे आला.

"मेरी माँ," ती म्हणाली. "और उनकी सास."

कुणीतरी हसलं. पण परीक्षक हसले नाहीत. त्यांनी ते लिहून घेतलं. तिला तिसरा क्रमांक मिळाला.

साहेब संध्याकाळी आग्र्याच्या पेठ्याचे डबे घेऊन उगवले. विभागप्रमुखांनी प्रमाणपत्र पाहिलं आणि अतिशय आनंदाने म्हणाले, "बघ! तक्ते किती उठून दिसले असतील!"

"सर, नळी तुमच्या खोलीत हाय," मुलगी म्हणाली.

आठवावं लागलं त्यांना. मग चिडून म्हणाले, "मग काल सांगायचं नाही का तू? सगळं आम्हीच लक्षात ठेवायचं?" आणि तिला एक पेठा दिला.

नाशिकला परतल्यावर सभागृहात सत्कार झाला. तिन्ही साहेबांना गुच्छ मिळाले. मुलीला निरोप द्यायचंच राहिलं होतं, म्हणून मी वसतिगृहात जाऊन तिला घेऊन आले. ती आली तेव्हा भाषणं चालू होती आणि खुर्ची नव्हती. विद्यापीठाच्या वार्तापत्रात फोटो आला. प्रमाणपत्र साहेबांच्या हातात आणि उजव्या कडेला एक वेणी.

त्यानंतर नियमाप्रमाणे दौऱ्याचा अहवाल. आमच्या साहेबांनी बोलावून सांगितलं, "मॅडम, तिघांचा मिळून एकच करा. लिहा नेहमीसारखं. विद्यार्थिनीला वेळोवेळी मार्गदर्शन केले वगैरे."

मी टाइपरायटरपुढे बसले. नेहमीसारखं लिहायला बोटं तयार होती. पण मला तो जिना दिसायला लागला. मग मी जे घडलं तेच लिहिलं, अगदी सभ्य कार्यालयीन भाषेत. "सादरीकरणाच्या दिवशी सन्माननीय सदस्यांनी आग्रा येथे भेट दिली. तक्ते सदस्यांच्या खोलीत सुरक्षित होते. विद्यार्थिनीने नवीन तक्ते तयार करून सादरीकरण पूर्ण केले व तृतीय क्रमांक प्राप्त केला." तिघांनी सह्या केल्या. वाचायची पद्धत आमच्याकडे नव्हती. अहवाल पाच सह्या घेत वर गेला, आणि दुर्दैवाने वर त्या महिन्यात नवे कुलगुरू आले होते. त्यांना अजून आमच्या पद्धती माहीत नव्हत्या. त्यांनी वाचला.

मला बोलावणं आलं.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"टाइप मी केलंय सर. सह्या त्यांच्या आहेत."

त्यांनी पुन्हा एकदा वाचलं. "यात खोटं काही आहे का?"

"पेठ्याचा उल्लेख राहिलाय सर."

ते हसले की नाही ते मला नीट कळलं नाही, त्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं होतं. आठवड्याभरात परिपत्रकाचा कागद सह्यांसाठी निघाला. विद्यार्थ्यांबरोबर एकच व्यक्ती जाईल, विद्यार्थ्यांचा अर्ज आधी मंजूर होईल, मुलींबरोबर स्त्री कर्मचारी असेल. महिन्याभरात दुसराही एक कागद निघाला. कार्यालयीन सोयीसाठी माझी बदली आवक-जावक विभागात करण्यात येत होती. कुणाच्या सोयीसाठी ते लिहिलं नव्हतं, पण आमच्या साहेबांनी दोन वर्षं माझ्याशी बोलणं टाकलं. परिपत्रक पाच सह्या घेऊन जावकला पोचलं तोवर मात्र मीही तिथे पोचले होते. त्यावर जावक क्रमांक मीच टाकला आणि प्रत प्रत्येक विभागात स्वतः नेऊन दिली, तिघांनाही. घेतल्याची सही घेतली.

त्या उन्हाळ्यात मी मुलीच्या घरी गेले. घोटीला बस सोडली, पुढे जीप, पुढे चढण. आईने नाचणीची भाकरी आणि पालेभाजी केली होती, आणि माझ्यासाठी मुद्दाम भात. तिने विचारलं, "दिल्लीत काय काय पाहिलं, बाई?"

आम्ही दोघी एकमेकींकडे पाहू लागलो. लाल किल्ला नाही, कुतुबमिनार नाही. एक सभागृह, एक जिना आणि स्टेशन.

"काय पण नाय गं," मुलगी म्हणाली.

आई पोटभर हसली. "मंग एवढं लांब जाऊन माझंच बी बघून आल्या का?"

जाताना तिने मला पिशवीभर तांदूळ दिला. मी नको म्हटलं तर रागावली.

मुलगी पुढे पेठ तालुक्यातल्या, आमच्या विद्यापीठाला जोडलेल्या एका महाविद्यालयात शिकवू लागली. दोन हजार पाचच्या आसपास ती एकदा विद्यापीठात आली, तेव्हा तिच्याबरोबर सात मुलं होती. नागपूरला विज्ञान प्रदर्शन होतं. तोवर तिकिटं संगणकावर निघू लागली होती आणि प्रवासाच्या टेबलावर एक चुणचुणीत तरुण बसत होता, पण ती सरळ माझ्याकडे आली. मुलं आवक-जावकच्या बाकावर दाटीवाटीने बसली. एकीच्या मांडीवर मातीचं काहीतरी होतं, ती कुणाला हात लावू देत नव्हती.

"सोबत कोण आहे तुमच्या?" मी विचारलं.

"मीच हाय, मॅडम." मग तिने पर्समधून एक दुमडलेला कागद काढला. "एवढं वाचून द्या ना. प्राचार्य म्हणतात, मुलींच्या आयांचे अंगठे चालणार नाहीत."

मी चष्मा लावला आणि कागद हातात घेतला. माझं दुपारचं जेवण त्या दिवशी राहिलं. कुणाला फोन करायचा, कुठल्या परिपत्रकाचा क्रमांक सांगायचा हे शोधण्यात तीन वाजले. मुलांना मी चहा-बिस्किटं मागवली. पाचच्या आत प्राचार्यांची परवानगी मिळाली आणि ती सगळी नाशिकरोडची बस धरायला पळाली. आमच्या विभागप्रमुखांचं तिला काही विचारायचं राहून गेलं, आणि मलाही सांगायचं. ते तेव्हा निवृत्त होऊन एका समितीवर होते, आणि समितीच्या कामासाठी म्हैसूरला गेले होते.